दोन फरश्यांच्या सांध्यावरची उतारपट्टी : सांगलीतील एका घरात वापरल्यानंतरचे मत

दारात दोन वेगळ्या जाडीच्या फरश्या एकमेकींना भेटतात, तिथला सांधा झाकण्यासाठी ॲल्युमिनियमची दोन भागांची उतारपट्टी मिळते. दुकानात तिला रिड्युसर किंवा प्रोफाइल म्हणतात. विश्रामबागेतील आमच्या पहिल्या मजल्यावरील सदनिकेत झोपण्याच्या दोन्ही खोल्यांच्या दारांत ती बसवलेली आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर बसवली तेव्हापासून पावसाळा पुरता सरेपर्यंत घरातल्या सगळ्यांची, त्यात वॉकर घेऊन चालणाऱ्या माझ्या सासूबाईंचीही, रोजची ये-जा तिच्यावरून झाली आहे. माझे मत आधीच सांगते. दहा मिलिमीटरच्या आसपासच्या फरकासाठी ही पट्टी निःशंक घ्यावी. फरक त्याहून बराच जास्त असेल, किंवा घरात चाकाची खुर्ची वापरली जात असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. स्वयंपाकघराच्या दारात आम्ही ती बसवली नाही. तिथे वेगळा उपाय केला, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आमची इमारत जुनी असून सर्व खोल्यांत मोझॅकच्या फरश्या होत्या. त्या उखडायच्या तर राडारोडा खाली नेण्याची मजुरी आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला बसणारे हादरे, या दोन्ही गोष्टी नको होत्या, म्हणून जुन्या फरशीवरच नवे काम करायचे ठरले. दिवाणखान्यातील मोझॅक चांगल्या स्थितीत होता. तो घासून, पॉलिश करून तसाच ठेवला. झोपण्याच्या खोल्यांत मोझॅकवर २ मिलिमीटरचा फोम अंथरून ८ मिलिमीटरचे लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, टाकले. स्वयंपाकघरात ९ मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल बसवली आणि तिच्याखाली चिकटवण्याच्या मसाल्याचा थर सुमारे ४ मिलिमीटर झाला. म्हणजे दिवाणखान्याच्या मानाने झोपण्याच्या खोल्या १० मिलिमीटरने वर आल्या आणि स्वयंपाकघर १३ मिलिमीटरने. घराच्या कामाचा अंदाज देताना कोणत्याही कंत्राटदाराने या आकड्यांचा उल्लेख केला नव्हता, आणि बहुधा कोणीच करत नाही. फरशीचा दर चौरस फुटावर ठरतो आणि दारातला सांधा चौरस फुटात बसत नाही.

एवढ्याशा उंचीचे एवढे काय, असा प्रश्न साहजिक आहे. सपाट जमिनीवर चालताना आपण पाऊल पुढे नेतो तेव्हा पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो, आणि वय वाढले, पाय ओढत चालण्याची सवय लागली की तेवढाही राहत नाही. दहा मिलिमीटरची उभी कड नेमकी त्याच पट्ट्यात येते. ती पायरीइतकी उंच नसल्यामुळे डोळा तिची दखल घेत नाही आणि पाऊल मात्र तिला अडते. जुन्या वाड्यातल्या चांगल्या वीतभर उंबऱ्याला सहसा कोणी अडखळत नसे, कारण तो दिसत असे आणि माणूस पाय उचलूनच आत येई. अपंगांना वावरता यावे यासाठी अमेरिकेत २०१० साली जे मानक ठरले, त्यात याबाबतचे आकडे स्पष्ट आहेत. सुमारे साडेसहा मिलिमीटरपर्यंतची कड उभी चालते; त्यापुढे तेरा मिलिमीटरपर्यंतच्या कडेला उतार हवा आणि तो एकास दोनपेक्षा (म्हणजे दोन मिलिमीटर पुढे जाताना एक मिलिमीटर चढ, यापेक्षा) तीव्र नको; आणि त्याहून जास्त फरक असेल तर रॅम्पच करावा, ज्याचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा. रॅम्पसाठी एकास बाराचे प्रमाण आपल्याकडच्या सार्वजनिक इमारतींनाही लागू आहे. घराला असा नियम कोणी लावत नाही हे खरे, पण पट्टी निवडताना हे तीन आकडे डोक्यात असले की दुकानातली निम्मी पट्ट्यांची गर्दी आपोआप बाजूला होते.

दुकानात गर्दी असतेच. ज्यांच्याकडून लॅमिनेट घेतले त्यांच्या माणसाने आम्हाला कोणताही प्रश्न न विचारता अक्रोडी रंगाची टी-पट्टी, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पट्टी, दिली होती. टी-पट्टी दोन्ही बाजू समान उंचीच्या असतील तरच सपाट बसते. दहा मिलिमीटरचा फरक असताना तिचा एक पंख लॅमिनेटवर टेकतो आणि दुसरा अधांतरी राहतो. त्यावर त्या माणसाचे उत्तर असे की खाली सिलिकॉन भरले की झाले. सिलिकॉन हा सांधा बंद करण्याचा पदार्थ आहे. अधांतरी पत्र्याला टेकू देण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. ती पट्टी आम्ही परत केली. दारांच्या कामासाठी आलेल्या मिरजेच्या सुतार मिस्त्रींनी मात्र आल्याबरोबर खिशातून टेप काढला आणि म्हणाले, "वहिनी, रंग मागनं बघू. आधी फरक किती हाय ते तिन्ही ठिकाणी मापू." माझ्या मते या व्यवहारात माणूस ओळखायची खूण हीच. जो आधी रंग विचारतो तो पट्टी विकतो, आणि जो आधी उंची विचारतो तो सांधा करतो.

मिस्त्रींच्या सांगण्यावरून शंभर फुटी रस्त्यावरील प्लायवूड आणि हार्डवेअरच्या एका दुकानात गेलो. तिथे लाकडासारख्या छपाईच्या पीव्हीसी पट्ट्या होत्या, एकाच तुकड्यातली ॲल्युमिनियमची उतारपट्टी होती, पितळी पट्टी होती आणि ही दोन भागांची पट्टी होती. पीव्हीसीची, मागे चिकटपट्टी असलेली, सर्वांत स्वस्त आणि घरी कोणालाही लावता येणारी; परंतु रोजच्या पोछ्याच्या पाण्याने तिची कड सुटते, आणि सुटलेली कड ही उघड्या कडेपेक्षा वाईट, कारण तीत पायाचे बोट खालून अडकते. एकाच तुकड्याच्या ॲल्युमिनियम पट्टीला वरूनच स्क्रू मारावे लागतात. ती टिकते, पण स्क्रूंची डोकी दिसत राहतात आणि त्यांच्या खाचांत मळ बसतो. पितळ दिसायला उत्तम, किंमत ऐकून ते खाली ठेवावे लागते. टिंबर एरियात सागवानी पट्टी तासून मिळते आणि ती लॅमिनेटशी जितकी जुळते तितके दुसरे काही जुळत नाही. परंतु लाकडाची उताराची कड पातळ करत नेली की तिचे टवके उडतात आणि जाड ठेवली की पुन्हा ठेच लागायची सोय होते. दोन भागांची पट्टी या सगळ्यांत उजवी वाटली. दुकानदारांनी ती कागदातून काढून, जोडून, उघडून दाखवली, ही त्यांच्या बाजूची जमेची गोष्ट. किंमत पीव्हीसीच्या कितीतरी पट असली तरी पितळेच्या मानाने पुष्कळच कमी आहे, आणि दोन दारांना एक लांबी पुरली.

आता पट्टीविषयी. तिचे बूड म्हणजे खाली फरशीला स्क्रूने घट्ट बसणारी अरुंद पट्टी असून तिच्या मधोमध वर उघडणारी खोबण आहे. वरची झाकणपट्टी सुमारे ५० मिलिमीटर रुंद असून तिच्या पोटाशी लांबीभर एक जीभ आहे. जिभेच्या दोन्ही अंगांना बारीक दाते आहेत. ही जीभ खोबणीत दाबली की दाते धरतात आणि पट्टी पुन्हा सहजी निघत नाही. जिभेचे मूळ गोलसर असल्यामुळे झाकणपट्टी थोडी एका बाजूला कलू शकते, आणि या एका सोयीवरच सगळे अवलंबून आहे, कारण त्यामुळे उंचीचा फरक सहा मिलिमीटर असो वा बारा, उताराची खालची कड फरशीला टेकलेली राहते. आमच्या एका दारात हा फरक एका टोकाला नऊ आणि दुसऱ्या टोकाला साडेदहा मिलिमीटर निघाला, तरी पट्टीची कड संपूर्ण लांबीत टेकली. वरच्या अंगाला पाच उथळ रेघा आहेत. त्या पाय घसरू नये म्हणून आहेत असे सांगितले जाते, परंतु ओल्या पायाला त्यांचा फारसा आधार वाटत नाही. रंग शॅम्पेन म्हणून सांगितला गेला, घरी उजेडात तो फिकट पितळी दिसतो.

उताराचा हिशेबही करून पाहिला. झाकणपट्टीच्या ५० मिलिमीटरांपैकी सुमारे ३६ मिलिमीटर उताराच्या बाजूला येतात. लॅमिनेट दहा मिलिमीटर वर असले तरी पट्टीची स्वतःची जाडी त्यात मिळवावी लागते, त्यामुळे खरी चढण बारा मिलिमीटरच्या आसपास होते आणि उतार जवळपास एकास तीन पडतो. वर सांगितलेल्या एकास दोनच्या मर्यादेत तो व्यवस्थित बसतो. परंतु पट्टीच्या जाडीमुळे लॅमिनेटच्या बाजूला दोन मिलिमीटरची एक कड उरते, ती बहुतेक जण विसरतात. या पट्टीत ती कड गोल केलेली आहे म्हणून बोचत नाही. काही स्वस्त पट्ट्यांत ती कातरल्यासारखी धारदार राहते. दुकानात बोट फिरवून पाहावे, एवढे पुरे.

बसवण्याचे काम हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि चांगली पट्टी वाईट बसवली गेल्याची उदाहरणे ओळखीच्या घरांत मी पाहिलेली आहेत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. लॅमिनेट फरशीला चिकटवलेले नसते. ते फोमवर तरंगत असते आणि हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते, आकसते. एप्रिलमध्ये सांगलीची हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. या दोन महिन्यांतला फरक लॅमिनेटच्या अंगावर उमटल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे भिंतीलगत जशी आठ-दहा मिलिमीटरची फट सोडतात, तशीच ती दारातही सोडावी लागते. पट्टीचे बूड या फटीच्या पलीकडे, थेट मोझॅकला स्क्रूने बसले पाहिजे, आणि झाकणपट्टी लॅमिनेटवर फक्त टेकली पाहिजे. लॅमिनेटमधून स्क्रू मारला किंवा त्या बाजूला सिलिकॉन भरले की फरशी तिथे खिळली जाते. मग पावसाळ्यात फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही आणि खोलीच्या मध्यभागी त्या उचलल्या जातात. दोष लॅमिनेटचा समजून लोक दुकानदाराशी भांडतात, आणि मूळ मात्र दारातल्या एका स्क्रूत असते.

सांध्याची जागा कोणती, हाही विचार करण्याचा विषय आहे. दार मिटल्यावर त्याच्या फळीच्या बरोबर खाली सांधा यावा, म्हणजे बाहेरून लॅमिनेटची पट्टी डोकावत नाही आणि आतून मोझॅक दिसत नाही. मिस्त्रींनी दार मिटून दोन्ही अंगांनी पेन्सिलीने रेघ ओढली, दोन रेघांच्या मध्याला बुडाची जागा धरली आणि गुण्या लावून ती रेघ चौकटीशी काटकोनात आहे की नाही ते तपासले. चौकटीचे पाय आमच्याकडे मुळातच किंचित फाकलेले होते, म्हणून पट्टी वरच्या मापाने न कापता जमिनीलगतच्या मापाने कापली. पट्टीची टोके चौकटीच्या खोबणीच्या आकारात कातरण्यासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहिला, तो बसल्यावरच ॲल्युमिनियमला हॅक्सॉ लावला. ग्राइंडरने हे काम लवकर होते, परंतु धातू तापून कडेचा रंग काळवंडतो आणि कापलेल्या ठिकाणी बारीक कुसे राहतात. हॅक्सॉने कापून मग कानस फिरवलेली कड आमच्या दारात आज बोटाला लागतही नाही.

मोझॅकमध्ये भोक पाडताना ड्रिलचा ठोका सुरुवातीला बंद ठेवावा. वरचा पॉलिश केलेला थर साध्या फिरण्याने कापला गेला की मगच ठोका सुरू करावा, नाहीतर भोकाच्या तोंडाशी रुपयाएवढा टवका उडतो. सहा मिलिमीटरचे भोक, त्यात गिट्टी (स्क्रूला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी), आणि गिट्टीत स्क्रू. भोके साधारण वीत-वीत अंतरावर घेतली असून टोकांपासून दोन बोटे आत ठेवली आहेत. प्रत्येक भोकातली पूड फुंकणीने काढली, कारण पूड राहिली की गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि बूड त्या ठिकाणी उचललेले राहते. ज्या दाराला लागून न्हाणीघर आहे तिथे फरशीखालून पाण्याची नळी गेलेली असू शकते. जुन्या घरांत तिचा नकाशा कोणाकडे नसतो. तिथे मिस्त्रींनी ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली आणि तीस मिलिमीटरच्या पुढे ड्रिल जाऊ दिले नाही.

झाकणपट्टी ठोकताना थेट हातोडी लावायची नसते. तिच्यावर लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू जायचे असते. मधूनच सुरुवात केली तर टोके वर राहतात. त्याआधी मिस्त्रींनी उताराच्या पोटात, म्हणजे झाकणपट्टी आणि मोझॅक यांच्यामधल्या पोकळीत, बुडाला समांतर अशी सिमेंट-बोर्डाची पातळ पट्टी ठेवली. कंपनीच्या सूचनापत्रात याचा उल्लेख नाही. परंतु वॉकरचा पाय म्हणजे रबरी टोपीएवढ्या जागेवर पडलेला माणसाचा बराचसा भार; तो पोकळ उताराच्या मध्यावर रोज पडत राहिला तर दीड मिलिमीटरचा पत्रा कधीतरी आत दबणारच. टेकू दिल्यामुळे आमची पट्टी दबली नाही आणि तिच्यावर पाय पडल्यावर येणारा डब्बा वाजवल्यासारखा आवाजही गेला. बांधकामातला ओला सिमेंटचा माल त्या पोकळीत भरावा असे एका गवंड्याने सुचवले होते. ते मिस्त्रींनी ठामपणे नाकारले आणि त्यांचे बरोबर होते, कारण ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि ते ॲल्युमिनियमला खाते. शेवटी फक्त मोझॅकच्या बाजूच्या कडेला पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढली, म्हणजे पोछ्याचे पाणी पट्टीखाली शिरत नाही.

दाराची फळी काढून खालून रंधा मारावा लागतो, हे पट्टी विकणारा सांगत नाही. लॅमिनेटमुळे दहा आणि पट्टीमुळे आणखी दोन-अडीच मिलिमीटर उंची वाढल्यावर दार पट्टीवर घासू लागते. त्यामुळे या कामाची मजुरी आधीच धरून चालावे.

वापरानंतर काय दिसले? सासूबाईंचा वॉकर पूर्वी लॅमिनेटच्या उघड्या कडेशी अडत असे आणि त्या पुढचे दोन पाय उचलून आत टाकत; तोल जाण्याची भीती नेमकी त्याच क्षणी असते. आता वॉकर न उचलता सरकवत नेता येतो. पहिले काही दिवस त्या पट्टीपाशी थांबून खाली पाहत असत, पुढे ते बंद झाले. रात्री अंधारात पट्टीचा गार धातू पायाला लागतो आणि दार आले ते कळते, हा त्यांनी सांगितलेला फायदा माझ्या लक्षात आला नसता. झाडताना केर उताराच्या कडेशी साचत नाही, झाडू वरून सरळ निघून जातो. वरच्या पाच रेघांत मात्र धूळ बसते आणि ती ओल्या फडक्याने निघत नाही, जुना टूथब्रश लागतो. पावसाळ्यात लॅमिनेट फुगले असणार, कारण भिंतीलगतची फट डोळ्यांना कमी दिसू लागली होती. दारात मात्र पट्टी जागची हलली नाही, लॅमिनेट तिच्याखाली बिनबोभाट सरकले. गॅसचे भरलेले सिलिंडर एकदा याच वाटेने गडगडत नेले गेले, तेव्हा वरच्या कडेवर एक ओरखडा उठला आणि तिथला रंग गेला. हा रंग धातूवर लावलेला नसून धातूच्या वरच्या थरातच धरलेला असतो, त्यामुळे त्याचे पोपडे निघत नाहीत, पण ओरखडा भरूनही काढता येत नाही.

एक सावधगिरी मुद्दाम सांगते. टाइल बसवल्यानंतर फरशीवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी गवंडी सर्रास ॲसिड टाकून घासतात. त्या पाण्याचा ओघळ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर गेला तर ती पांढरी, खरबरीत होते, आणि तो डाग कायमचा. पितळ काळे पडते, स्टीललाही बारीक खड्डे पडू शकतात. म्हणून पट्टी अगदी शेवटी, सगळी धुलाई आटोपल्यावर बसवावी, किंवा आधी बसवली असेल तर वरची प्लॅस्टिकची पातळ फित काढण्याची घाई करू नये.

आता स्वयंपाकघर. तिथे तेरा मिलिमीटरचा फरक, वरून पाणी सांडण्याची जागा, आणि दिवसातून सर्वांत जास्त फेऱ्या त्याच दारातून. ही पट्टी तेरा मिलिमीटरला ताणून बसली असती, पण पट्टीची जाडी धरून चढण पंधराच्या पुढे गेली असती आणि उतार एकास अडीचपेक्षाही तीव्र झाला असता. हातात तापलेले पातेले घेऊन जाणाऱ्या माणसाला असा उतार मी देणार नाही. तिथे आम्ही दाराच्या रुंदीएवढी लांब आणि १६० मिलिमीटर रुंद अशी मोझॅकची पट्टी कटरने कापून काढली आणि त्या जागी काळ्या ग्रॅनाइटचा तेवढाच तुकडा तिरका बसवला. त्याची एक कड व्हिट्रिफाइडच्या पातळीला आणि दुसरी मोझॅकच्या पातळीला. १६० मिलिमीटरांत तेरा चढले म्हणजे उतार एकास बारा पडतो, आणि कुठेही कड उरत नाही. ग्रॅनाइट आरशासारखा चकचकीत न घेता लेदर फिनिशचा घेतला, कारण ओल्या उतारावर पॉलिश घात करते. हा तुकडा मिरज रस्त्यावरच्या ग्रॅनाइटच्या वखारीत उरल्यासुरल्या मालातून मिळाला. गवंड्याची मजुरी धरूनही एकूण खर्च दोन्ही खोल्यांच्या पट्ट्यांहून फार जास्त झाला नाही. मात्र धूळ उडाली ती अख्ख्या घरभर, आणि हे काम लोक राहत असलेल्या घरात करण्यासारखे नाही.

सांगलीच्या गावभागातील जुन्या घरांत शहाबादी फरशी आहे, तिथे ही पट्टी कितपत चालेल असे एका नातेवाइकांनी विचारले. शहाबादीचा पृष्ठभाग दारापाशी वर्षानुवर्षांच्या वर्दळीने मधे खोलगट झालेला असतो. पट्टीची कड सरळ असते, तिला खोलगट भागात टेकायला जागा मिळत नाही, आणि खाली फट राहिली की झाडूची काडी, लहान मुलांची बोटे, झुरळे, सगळे तिथे जाते. आधी तो भाग घासून सपाट करून घेतला तरच पट्टीचा विचार करावा. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी ज्या तळमजल्यांत कृष्णेचे पाणी शिरले तिथे मुळात लॅमिनेटच टाकू नये. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्श्याचा असतो आणि एकदा भिजून फुगला की तो पूर्ववत होत नाही. तिथे फरशीवर फरशीच बसवायची असेल तर ग्रॅनाइटच्या तिरक्या तुकड्याचा मार्ग बरा, कारण पाणी ओसरल्यावर तो पाइपने धुता येतो आणि त्याच्या पोटात गाळ साचायला पोकळी नसते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मोझॅकला भोके पाडण्याआधी मालकाला विचारावे हे सांगायला नको. बुडाला दुहेरी चिकटपट्टी लावूनही ही पट्टी विकली जाते. अशा पट्टीला वॉकरचा आडवा रेटा सोसवत नाही, त्यामुळे वृद्ध माणूस घरात असेल तर स्क्रूचाच आग्रह धरावा.

पाचपैकी चार गुण देते. पट्टीसोबत आलेले स्क्रू मऊ धातूचे निघाले, घट्ट करताना त्यांपैकी दोन स्क्रूंची डोकी फिरली आणि मिस्त्रींना स्वतःच्या डब्यातले स्टीलचे स्क्रू वापरावे लागले. सूचनापत्रात पोकळीला टेकू देण्याविषयी एक ओळही नाही. आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की पट्टी किती मिलिमीटरच्या फरकापर्यंत चालते हा एकमेव कामाचा आकडा वेष्टनाच्या मागे, बोटभर कोपऱ्यात, डोळे बारीक करून वाचावा लागेल अशा अक्षरांत छापलेला आहे. दुकानदारांनी उरलेला तीन फुटी तुकडा परत घेण्याची तयारी दाखवली होती, परंतु हा रंग पुढच्या मालात येईलच असे नाही असे तेच म्हणाले, म्हणून तो तुकडा आणि बुडाचा उरलेला भाग माळ्यावर ठेवून दिला आहे.